वयाची आणि प्रवासाची शाब्दिक उदाहरणे समीकरणात कशी मांडावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधल्या मराठी घरांतील आठवी ते दहावीची मुले माझ्याकडे बीजगणिताच्या शिकवणीला येतात. घरी मराठी, शाळेच्या पुस्तकात हिंदी किंवा इंग्रजी आणि वहीत क्ष-य ची भाषा, अशा तीन भाषांमधून त्यांना एकाच वेळी वाट काढावी लागते. तयार समीकरण समोर ठेवले तर बहुतेक मुले ते न चुकता सोडवतात. पण शाळेत ज्यांना ‘इबारती प्रश्न’ म्हणतात ती शाब्दिक उदाहरणे आली की पेन थांबते. मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची माझ्या अनुभवाला पटलेली उत्तरे येथे दिली आहेत. अज्ञात राशीसाठी सगळीकडे क्ष आणि य ही अक्षरे वापरली आहेत. पुस्तकातील एक्स आणि वाय ते हेच.

प्रश्न : उदाहरण वाचून झाल्यावर सर्वांत आधी काय लिहावे?

क्ष म्हणजे काय, हे एका पूर्ण वाक्यात लिहावे, आणि कोणाचे, केव्हाचे व कोणत्या एककात या तीन गोष्टी त्या वाक्यात याव्यात. ‘समजा, मुलीचे आजचे वय क्ष वर्षे आहे’ हे वाक्य पूर्ण आहे; ‘मुलगी = क्ष’ हे अपुरे आहे, कारण मुलगी ही संख्या नाही आणि तिचे वय दरवर्षी बदलते.

हा आग्रह कशासाठी, ते एका वहीवरून सांगतो. नववीतल्या एका मुलीने पहिल्या ओळीत ‘आई = क्ष’ असे लिहिले होते. त्या वेळी तिच्या मनात आईचे आजचे वय होते. चार ओळी खाली तिने तोच क्ष आईच्या पाच वर्षांपूर्वीच्या वयासाठी वापरला आणि उत्तर अपूर्णांकात आले. मग तिने खोडरबराने तेच गणित तीन वेळा खोडले. कागद इतका झिजला होता की मागच्या पानावरची अक्षरे दिसत होती. बीजगणिताची तिची एकही पायरी चुकली नव्हती. एका अक्षराला दोन अर्थ दिले गेले, एवढीच चूक होती, आणि पहिली ओळ पूर्ण लिहिली असती तर ती झालीच नसती.

प्रश्न : बरोबरीचे चिन्ह नेमके कोठे टाकायचे, हे कसे ओळखावे?

माझ्या मते संपूर्ण विषयाचे मर्म याच प्रश्नात आहे. प्रत्येक शाब्दिक उदाहरणात अशी एक तरी राशी असते, की जिचे वर्णन दोन वेगळ्या प्रकारांनी केलेले असते. ती राशी शोधावी, तिचे एक वर्णन डाव्या बाजूला आणि दुसरे उजव्या बाजूला लिहावे, आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह टाकावे. समीकरण म्हणजे एकाच संख्येची दोन नावे शेजारी शेजारी ठेवणे. हे चिन्ह १५५७ मध्ये वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी छापील पुस्तकात प्रथम वापरले तेव्हा त्यांनी दोन समांतर रेघा निवडल्या, आणि दोन वस्तूंमध्ये याहून अधिक समानता असू शकत नाही असे त्याचे कारण दिले.

याचा व्यावहारिक उपयोग असा, की समीकरण लिहून झाल्यावर दोन्ही बाजूंना बोट लावून ‘ही कशाची संख्या आहे?’ असे विचारता येते. डावीकडे आईचे पाच वर्षांपूर्वीचे वय असेल, तर उजवीकडेही तेच असले पाहिजे. एका बाजूला किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूला तास आले, तर पुढे सोडवत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : ‘ने मोठा’, ‘पट’, ‘पेक्षा कमी’ या शब्दांत माझा मुलगा नेहमी गोंधळतो. काही नियम आहे का?

येथे मराठी आपल्याला मदत करते, आणि ती मदत आपण घेत नाही याचे मला वाईट वाटते. ‘क्ष पेक्षा पाचने कमी’ हे मराठीत ज्या क्रमाने बोलले जाते त्याच क्रमाने लिहिता येते : आधी क्ष, मग पाच, मग वजाबाकी, म्हणजे क्ष − ५. इंग्रजी वाक्यात पाच हा शब्द आधी येतो आणि क्ष नंतर, त्यामुळे इंग्रजी माध्यमाची मुले ५ − क्ष असे उलटे लिहितात. अशा मुलाने इंग्रजी वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहिले, तर निम्म्या चुका तेथेच टळतात. ‘क्षच्या दुपटीपेक्षा तीनने कमी’ म्हणजे २क्ष − ३, आणि ‘क्षच्या निम्म्याहून चारने अधिक’ म्हणजे क्ष/२ + ४. दोन्ही ठिकाणी शब्दांमागून चिन्हे आपोआप चालत येतात.

मराठीत दोन फसव्या जागाही आहेत. पहिली ‘वर्षांनी’ या रूपाची. ‘राघव दोन वर्षांनी मोठा आहे’ येथे दोन वर्षे हा दोन माणसांच्या वयांतील फरक आहे. ‘दोन वर्षांनी राघव पंधरा वर्षांचा होईल’ येथे दोन वर्षे हा एकाच माणसाच्या दोन काळांमधील फरक आहे. शब्द तोच, पण समीकरणात त्याची जागा वेगळी. दुसरी फसवी जागा बोलण्यातल्या ‘दुपटीने जास्त’ची. बोलताना आपण ते दुप्पट याच अर्थाने वापरतो, काटेकोर अर्थ लावला तर ते तिप्पट होते. म्हणून वहीत स्वतःहून लिहिताना ‘दुप्पट’ असेच लिहावे.

हिंदी पुस्तकातून शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. हिंदीत ‘अंतर’ म्हणजे फरक आणि ‘दूरी’ म्हणजे आपले अंतर. हिंदीत ‘चाल’ म्हणजे वेग. शिवाय ‘से’ हा एकच शब्द ‘पेक्षा’, ‘पासून’ आणि ‘ने’ या तिन्ही अर्थांनी येतो. ‘दोनों की आयु का अंतर’ वाचून एका मुलाने मला प्रामाणिकपणे विचारले होते, की वयाचे अंतर किलोमीटरमध्ये कसे मोजायचे. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण घरात त्याने ‘अंतर’ हा शब्द रस्त्यासाठीच ऐकला होता.

प्रश्न : वयाच्या उदाहरणात कंस का घालावा लागतो?

हे उदाहरण घ्या : आईचे आजचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, पाच वर्षांपूर्वी ते मुलीच्या तेव्हाच्या वयाच्या चौपट होते. मुलीचे आजचे वय क्ष वर्षे मानले तर आईचे आजचे वय ३क्ष. पाच वर्षांपूर्वी मुलगी क्ष − ५ आणि आई ३क्ष − ५ वर्षांची होती. दोनदा वर्णन झालेली राशी म्हणजे आईचे पाच वर्षांपूर्वीचे वय : एकदा आजच्या वयातून पाच वजा करून, एकदा मुलीच्या तेव्हाच्या वयाची चौपट म्हणून.

३क्ष − ५ = ४(क्ष − ५)

कंस सोडवल्यावर ३क्ष − ५ = ४क्ष − २०, म्हणून क्ष = १५. मुलगी १५ वर्षांची, आई ४५ वर्षांची. पाच वर्षांपूर्वी १० आणि ४०, म्हणजे चौपट. ताळा जुळला.

चौपट ‘मुलीच्या तेव्हाच्या वयाची’ आहे, म्हणून आधी तेव्हाचे वय तयार व्हायला हवे आणि मग त्याला चारने गुणायला हवे. कंस हा क्रम सांगतो. कंस विसरून ३क्ष − ५ = ४क्ष − ५ लिहिले तर क्ष = ० येते. पाच वर्षे फक्त आईच्या वयातून वजा केली आणि ३क्ष − ५ = ४क्ष लिहिले तर क्ष = −५ येते. चौपट चुकीच्या बाजूला लागली आणि ४(३क्ष − ५) = क्ष − ५ झाले तर क्ष = १५/११ येते, म्हणजे आई जेमतेम चार वर्षांची. मुलांना मी ही तिन्ही चुकीची उत्तरे मुद्दाम काढायला लावतो, कारण एकदा त्यांची ओळख झाली की परीक्षेत उत्तर शून्य येताच हात आपोआप कंसाकडे जातो.

प्रश्न : दोघांच्या वयांतील फरक बदलत नाही असे शिकवतात. त्याचा समीकरणात उपयोग काय?

फार मोठा उपयोग आहे, आणि तो दाखवायला इंदूरकरांना दूर जायला नको. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा आणि त्यांच्या सूनबाई अहिल्याबाईंचा १७२५ चा. महिने सोडून केवळ वर्षे धरली तर दोघांच्या वयांत ३२ वर्षांचा फरक होता, आणि तो दोघे हयात असेपर्यंत तेवढाच राहिला. मग मल्हाररावांचे वय अहिल्याबाईंच्या वयाच्या दुप्पट कोणत्या वर्षी होते?

त्या वर्षीचे अहिल्याबाईंचे वय क्ष मानू. मल्हाररावांचे वय क्ष + ३२ आणि तेच २क्ष. क्ष + ३२ = २क्ष, म्हणून क्ष = ३२, आणि ते वर्ष १७५७; मल्हारराव तेव्हा ६४ वर्षांचे होते. तिप्पट कधी होते? क्ष + ३२ = ३क्ष, क्ष = १६, वर्ष १७४१. येथे एक नमुना दिसतो : धाकट्याचे वय म्हणजे फरकाला ‘पट उणे एक’ या संख्येने भागून आलेली संख्या. मात्र हा नमुना पाठ करण्याऐवजी प्रत्येक वेळी समीकरणातून काढावा असे मी सुचवेन, कारण परीक्षेत प्रश्नाचे रूप थोडे बदलले की पाठ केलेला नमुना हातातून निसटतो.

आता दीडपट कधी होते, हे विचारू. क्ष + ३२ = ३क्ष/२ यावरून क्ष = ६४ आणि वर्ष १७८९ येते. अहिल्याबाई १७९५ पर्यंत होत्या, पण मल्हाररावांचे निधन १७६६ मध्ये झाले होते. समीकरण अचूक सुटले आणि तरीही उत्तर खरे नाही, कारण कोण कधीपर्यंत हयात होते हे समीकरणाला ठाऊक नसते. मिळालेले उत्तर मूळ गोष्टीत परत नेऊन पाहायचे ते यासाठीच.

याच उदाहरणातून आणखी एक कसोटी हाती येते. काळ पुढे जातो तशी पट कमी होत जाते : १७४१ मध्ये तिप्पट, १७५७ मध्ये दुप्पट. एखादे गणित ‘आज तिप्पट आणि पाच वर्षांनी चौपट’ असे सांगत असेल तर ३क्ष + ५ = ४(क्ष + ५) यातून क्ष = −१५ येणारच; एकतर गणित चुकीचे छापले आहे किंवा ‘पूर्वी’च्या जागी ‘नंतर’ वाचले गेले आहे.

प्रश्न : ‘मी तुझ्याएवढी होते तेव्हा…’ अशा वाक्यांनी डोके चक्रावते. ती कशी मांडावीत?

अशा वाक्यांत तीन काळ एकत्र येतात, म्हणून कागदावर काल, आज आणि उद्या असे तीन रकाने आखावेत. समजा, ताई भावाला म्हणते, “मी तुझ्याएवढी होते तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, आणि तू माझ्याएवढा होशील तेव्हा मी पंचवीस वर्षांची असेन.” ताईचे आजचे वय क्ष, भावाचे आजचे वय य. ताई भावाएवढी होती ती क्ष − य वर्षांपूर्वी. तेव्हा भावाचे वय य − (क्ष − य) होते, आणि तेच १०. भाऊ ताईएवढा होईल तो क्ष − य वर्षांनी; तेव्हा ताईचे वय क्ष + (क्ष − य) असेल, आणि तेच २५.

२य − क्ष = १०
२क्ष − य = २५

सोडवल्यावर क्ष = २०, य = १५. ताळा पाहू : पाच वर्षांपूर्वी ताई १५ आणि भाऊ १०, पाच वर्षांनी भाऊ २० आणि ताई २५. नीट पाहिले तर १०, १५, २०, २५ या चार संख्या सारख्या अंतरावर उभ्या आहेत, कारण प्रत्येक टप्पा म्हणजे दोघांच्या वयांतील तोच फरक आहे. हे ज्या मुलांना आपणहून दिसते, त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

प्रश्न : गुणोत्तर दिले असेल तर क्ष कोणाचे वय मानायचे?

कोणाचेही नाही. दोन भावांच्या वयांचे गुणोत्तर ५ : ७ असेल तर वये ५क्ष आणि ७क्ष मानावीत, येथे क्ष हा एक भाग आहे, वय नाही. चार वर्षांनी ते गुणोत्तर ३ : ४ होणार असेल तर ४(५क्ष + ४) = ३(७क्ष + ४), म्हणजे २०क्ष + १६ = २१क्ष + १२ आणि क्ष = ४. पुष्कळ मुले येथेच ‘धाकट्याचे वय ४’ असे लिहून मोकळी होतात. धाकटा २० आणि थोरला २८ वर्षांचा आहे. चार वर्षांनी २४ आणि ३२, म्हणजे ३ : ४.

प्रश्न : कुटुंबातील वयांच्या बेरजेची गणिते वेगळी असतात का?

मांडणी तीच; फक्त बेरीज दरवर्षी जितकी माणसे तितकीने वाढते, हे विसरू नये. चौघांच्या कुटुंबाची आजची बेरीज १०० असेल तर पाच वर्षांपूर्वी ती ८० असायला हवी. ती ८२ होती असे गणितात दिले असेल, तर छपाईची चूक समजण्याआधी थांबावे. सर्वांत धाकटे मूल तेव्हा जन्मलेलेच नसेल. त्याचे आजचे वय क्ष मानले तर बाकी तिघांचे १५ आणि त्याचे क्ष, एवढीच घट होईल : १०० − १५ − क्ष = ८२, क्ष = ३.

प्रश्न : प्रवासाचे सूत्र तर एकच आहे. मग अडचण कोठे येते?

अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, हे सूत्र सर्वांना पाठ असते. अडचण येते ती दोन प्रवासी असताना, कारण तेव्हा सहा राशी होतात आणि त्यांतली कोणती सामाईक आहे हे उदाहरणात स्पष्ट लिहिलेले नसते. ती शोधण्यासाठी प्रसंग डोळ्यांसमोर आणावा लागतो.

एक बस सकाळी ७ वाजता इंदूरहून भोपाळकडे ताशी ४० किलोमीटर वेगाने निघाली. एक मोटार ८ वाजता भोपाळहून इंदूरकडे ताशी ६० किलोमीटर वेगाने निघाली. देवास, सोनकच्छ, आष्टा आणि सीहोरवरून जाणारा हा रस्ता हिशेबासाठी १९० किलोमीटर धरू. दोघांची भेट किती वाजता होईल?

मोटार निघाल्यापासून भेटीपर्यंतचा वेळ क्ष तास मानू. बस त्याहून एक तास अधिक चालली, म्हणून तिचा वेळ क्ष + १. बसने तोडलेले अंतर ४०(क्ष + १), मोटारीने तोडलेले ६०क्ष. भेटीच्या क्षणी दोघांनी मिळून पूर्ण रस्ता संपवलेला असतो, म्हणजे रस्त्याच्या लांबीची दोन वर्णने मिळाली :

४०(क्ष + १) + ६०क्ष = १९०

१००क्ष = १५०, क्ष = दीड तास, म्हणजे साडेनऊ. बस अडीच तासांत १०० किलोमीटर आली आणि मोटार दीड तासात ९०. बेरीज १९०. क्ष हा बस निघाल्यापासूनचा वेळ मानला असता तर समीकरण ४०क्ष + ६०(क्ष − १) = १९० झाले असते आणि क्ष अडीच आला असता; घड्याळात दोन्हींचे उत्तर साडेनऊच. दोन मुलांची समीकरणे वेगळी दिसली म्हणजे एक चूकच, असे पालकांनी मानू नये. पहिल्या ओळीतले ‘क्ष म्हणजे’ वाचून मगच निर्णय द्यावा.

समोरासमोर येणाऱ्यांसाठी वेगांची बेरीज आणि एकाच दिशेने जाणाऱ्यांसाठी वेगांचा फरक, हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटाने तो ‘आर्यभटीया’च्या गणितपादात सांगितला आहे. त्याच ग्रंथात त्याने कलियुगाची ३६०० वर्षे झाली तेव्हा आपल्या वयाची २३ वर्षे पूर्ण झाली होती असेही लिहिले आहे. ते वर्ष इ. स. ४९९ येते, आणि त्यावरून त्याचा जन्म ४७६ चा ठरतो. स्वतःच्या जन्मसालासाठी एक शाब्दिक उदाहरणच त्याने मागे ठेवले, असे मला नेहमी वाटते.

प्रश्न : मागून निघून गाठण्याच्या गणितात मिनिटांचे काय करावे?

समीकरण लिहिण्यापूर्वीच त्यांचे तास करावेत. एक स्कूटर राजवाड्याजवळून उज्जैनकडे ताशी ३० किलोमीटर वेगाने निघाली आणि २० मिनिटांनी त्याच ठिकाणाहून ताशी ५० वेगाने मोटार निघाली. मोटारीचा वेळ क्ष तास. स्कूटरचा क्ष + १/३. गाठले त्या क्षणी दोघांनी तोडलेले अंतर एकच, म्हणून ३०(क्ष + १/३) = ५०क्ष. यातून १० = २०क्ष, क्ष = अर्धा तास, आणि ती जागा इंदूरपासून २५ किलोमीटरवर.

वीस मिनिटांचे ०.२० तास करणे ही मला सर्वाधिक आढळणारी चूक आहे. रुपयात शंभर पैसे असतात त्या सवयीने हात तसा जातो. तासात साठ मिनिटे असतात. दीड तासाला १.३० लिहिणे हीदेखील तीच चूक. घड्याळात १:३० आणि वहीत १.५, हे रोज एकदा मोठ्याने म्हणून घेतल्यावर माझ्याकडच्या मुलांची ही सवय सुटते.

प्रश्न : जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६०, तर सरासरी वेग ५० का नाही?

कारण कमी वेगाने जाताना अधिक वेळ लागतो आणि तो वेग सरासरीला आपल्याकडे ओढतो. अंतर १२० किलोमीटर धरा : जायला ३ तास, यायला २ तास, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे ताशी ४८. अंतर क्ष ठेवूनही हेच येते, कारण एकूण वेळ क्ष/४० + क्ष/६० = क्ष/२४ होतो आणि २क्ष ला त्याने भागल्यावर क्ष निघून जातो. अंतर दिलेले नाही म्हणून गणित सोडून देणाऱ्या मुलांना हे जरूर दाखवावे.

प्रश्न : ‘या वेगाने उशीर, त्या वेगाने लवकर’ या प्रकारात बरोबरी कशाची?

ठरलेल्या वेळेची. एक मुलगी ताशी १० किलोमीटर वेगाने सायकल चालवली तर शाळेत ४ मिनिटे उशिरा पोहोचते, ताशी १२ ने चालवली तर २ मिनिटे आधी. अंतर क्ष किलोमीटर मानू. घरातून निघाल्यापासून घंटा होईपर्यंतचा वेळ दोन्ही दिवशी सारखाच आहे. पहिल्या दिवशी तो लागलेल्या वेळेपेक्षा ४ मिनिटांनी कमी, दुसऱ्या दिवशी २ मिनिटांनी जास्त :

क्ष/१० − ४/६० = क्ष/१२ + २/६०

क्ष/६० = ६/६०, म्हणून क्ष = ६ किलोमीटर. एका दिवशी ३६ मिनिटे, दुसऱ्या दिवशी ३० मिनिटे, आणि घंटा ३२ व्या मिनिटाला. उशीर वजा आणि लवकर अधिक का, असा प्रश्न येथे हमखास येतो. घंटेच्या जागी स्वतः उभे राहून पाहावे : जो उशिरा आला त्याच्या वेळेतून मागे गेल्यावर घंटा सापडते, जो आधी आला त्याला थांबून पुढची मिनिटे मोजावी लागतात.

प्रश्न : नाव आणि आगगाडी यांच्यासाठी वेगळी सूत्रे लागतात का?

लागत नाहीत. महेश्वरला नर्मदेत प्रवाहाच्या दिशेने नावेचा वेग आणि पाण्याचा वेग यांची बेरीज होते, प्रवाहाविरुद्ध वजाबाकी. २४ किलोमीटर जायला प्रवाहासोबत २ तास आणि विरुद्ध ३ तास लागत असतील तर क्ष + य = १२, क्ष − य = ८; संथ पाण्यात नावेचा वेग १०, प्रवाहाचा २. गाडीच्या गणितात लक्षात ठेवायचे ते एवढेच, की खांब ओलांडताना गाडी स्वतःच्या लांबीएवढी जाते आणि फलाट ओलांडताना स्वतःची लांबी अधिक फलाटाची लांबी. १८० मीटर लांबीची गाडी खांब ९ सेकंदांत ओलांडत असेल तर वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर; ४२० मीटरच्या फलाटाला तिला ६०० ÷ २० = ३० सेकंद लागतील.

प्रश्न : माझी मुलगी समीकरण न मांडता अंदाजाने बरोबर उत्तर काढते. तिला रोखावे का?

रोखू नये, त्या अंदाजातूनच समीकरण काढून घ्यावे. आई-मुलीच्या गणितात ती ‘मुलगी १२ असेल’ असे म्हणाली, तर तपासायला लावावे : आई ३ गुणिले १२, पाच वर्षांपूर्वी ३ गुणिले १२ उणे ५, मुलगी तेव्हा १२ उणे ५, तिची चौपट ४ गुणिले (१२ उणे ५). हे सगळे बेरीज-वजाबाकी पूर्ण न करता लिहायला सांगावे आणि मग प्रत्येक १२ च्या जागी क्ष ठेवायला सांगावे. समीकरण कागदावर तयार झालेले असते. अज्ञात संख्येला घाबरणाऱ्या मुलांसाठी याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

प्रश्न : अज्ञात राशीला अक्षरच का द्यायचे?

नाव दिल्याशिवाय तिच्याविषयी बोलता येत नाही म्हणून. भास्कराचार्य बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, असे म्हणत आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. युरोपात देकार्त यांनी १६३७ मध्ये वर्णमालेच्या शेवटची अक्षरे अज्ञात राशींसाठी वापरली आणि तीच प्रथा आपल्या पुस्तकांत आली. ‘जितके असेल तितके’ हा अर्थ मुलांना सांगितला की क्षची भीती पुष्कळ कमी होते.

प्रश्न : सरावासाठी एखादे जुने उदाहरण सुचवाल का?

ग्रीक गणिती डायोफँटस याच्या आयुष्याविषयीचे कोडे सुचवेन. त्याच्या आयुष्याचा सहावा भाग बालपणात गेला, बारावा भाग दाढी येईपर्यंत, त्यानंतर सातवा भाग लग्नापर्यंत. लग्नानंतर पाच वर्षांनी मुलगा झाला, तो वडिलांच्या आयुष्याच्या निम्मे जगला, आणि मुलानंतर वडील चार वर्षांनी गेले. क्ष म्हणजे त्याचे पूर्ण आयुष्य, वर्षांत. दोनदा वर्णन झालेली राशीही तीच : एकदा तुकड्यांची बेरीज म्हणून, एकदा अखंड.

क्ष/६ + क्ष/१२ + क्ष/७ + ५ + क्ष/२ + ४ = क्ष

छेद ८४ घेऊन बेरीज केली तर अपूर्णांकांचे मिळून ७५क्ष/८४ होतात, उरलेला ९क्ष/८४ हा भाग म्हणजे ९ वर्षे, म्हणून क्ष = ८४. ताळ्यासाठी तुकडे वेगळे लिहून पाहावेत : १४, ७, १२, ५, ४२ आणि ४.